छतवाल्याची

काँक्रीटचा ठोकळा फुटण्याआधी बोलतो. आधी आतल्या आत बारीक कडकड होते, वाळलेल्या शेंगा पायाखाली आल्यासारखी. मग क्षणभर सगळं गप्प. आणि मग धप्प. लॅबमध्ये नवीन आलेला माणूस त्या आवाजाला दचकतो आणि पाचव्या दिवशी दचकायचं विसरतो. ती बावीस वर्षं ठोकळे फोडत होती, आणि एकदाही विसरली नव्हती.

लॅब म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. एका भिंतीला पाण्याच्या टाक्या, दुसऱ्या भिंतीला दाब देणारं यंत्र, मधे सिमेंटच्या धुळीनं पांढरं पडलेलं टेबल. कुठंही स्लॅब ओतला की त्याच मालातून तीन चौकोनी ठोकळे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून इथं आणायचे, असा नियम. ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात राहत. मग ती एकेक बाहेर काढी, लेकराचं अंग पुसावं तसा फडक्यानं पुसी, यंत्राखाली ठेवी आणि दाब वाढवत नेई. पंचेचाळीस टनांपर्यंत टिकला तर छत पक्कं, त्याआधी फुटला तर कच्चं. यंत्राच्या तबकडीवर दोन काटे होते. काळा काटा दाबाबरोबर वर चढे आणि ठोकळा फुटला की धाडकन खाली येई. लाल काटा मात्र जिथं ठोकळा फुटला तिथंच उभा राही. त्याला खाली आणायचं तर माणसाचंच बोट लागे.

शहर लहान होतं. बांधकामावरची सगळी माणसं तिला टरकून असत. "सासूच्या नजरेतून सुटेल, पण हिच्या नजरेतून ठोकळा सुटायचा नाही," असं गवंडी म्हणत. तोंडावर बाई म्हणत. पाठ फिरली की म्हणत, छतवाल्याची.

ते नाव तिला नऊ वर्षांची असताना चिकटलं.

तिचा बाप कंत्राटदार होता. दवाखान्याच्या छताचं काम त्याच्याकडे होतं आणि सिमेंटच्या गोदामाच्या किल्ल्या तिच्या आईच्या कमरेला होत्या. पुढच्या दारानं शंभर गोण्या आत यायच्या आणि मागच्या दारानं चाळीस विकल्या जायच्या. मग साठ गोण्यांत शंभर गोण्यांचं काम भागवायचं, तर पाणी हवं. पाणी फुकट होतं. आणि पाणी घालायला पोरगी हौशी होती. तिच्या हातात पत्र्याचं एक डबडं होतं. ती हौदातून भरून आणायची, कालवलेल्या मालात ओतायची आणि बापाच्या तोंडाकडे बघायची. "अजून ओत," तो म्हणायचा. "पातळ असलं की पोरांचे हात दुखत नाहीत. शाबास." बाप फार कमी बोलणारा माणूस होता. घरात तिच्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलला तर पुष्कळ. त्या दिवसांत तिला इतक्या शाबासक्या मिळाल्या, की ती रात्री अंथरुणात पडून त्या आठवत राहायची.

आठ महिन्यांनी, एका भर सकाळी, ते छत पडलं. खाली रांगेत बसलेली अकरा माणसं गेली. त्यांत एक बाई होती, जिच्या मांडीवर ताप आलेलं मूल होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं तिला नवा फ्रॉक घातला, वेणी घातली आणि सांगितलं, "आत्याकडे जाऊन बस. आम्ही आलोच." ती जाऊन बसली. संध्याकाळी आत्यानं आपल्या मुलाला त्यांच्या घरी पाठवलं, तेव्हा कळलं की घराला कुलूप आहे. नंतर पोलिसांनी कुलूप तोडलं. भांडी नव्हती, गाद्या नव्हत्या, कपाटातला रेडिओही नव्हता. पुढं कितीतरी वर्षं तिला त्या रेडिओचा राग येत राहिला. त्यांनी विचार करून, काय न्यायचं आणि काय ठेवायचं हे ठरवून सामान बांधलं होतं. रेडिओ न्यायच्या सामानात होता.

ते परत आले नाहीत. सापडलेही नाहीत.

आत्यानं तिला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, शाळेतून काढलं नाही. पण आत्याच्या जिभेला हाड नव्हतं. पोरीच्या हातून कप फुटला तरी, "खाण तशी माती." उत्तर चुकलं तरी, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" चौकशीत एक गोष्ट बाहेर आली होती, तीही तिला आत्याकडूनच कळली. बापाचे तिन्ही ठोकळे पास झाले होते. ठोकळ्यांसाठी त्यानं वेगळा, चांगला माल कालवला होता. ठोकळे खरे होते आणि छत खोटं होतं.

पाण्याच्या डबड्याबद्दल मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. सतराव्या वर्षी ती लॅबमध्ये साचे धुवायला लागली. लॅबच्या साहेबांनी एकदा नव्या पोरांना समजावताना सहज म्हटलं, "जास्तीचं पाणी नंतर उडून जातं रे, आणि त्याच्या जागी भोकं राहतात. छत खातं ते पाणीच." ती कोपऱ्यात साचा घासत होती. तिचा हात थांबला. इतके दिवस जे नुसतं मनात होतं, ते आता शिकलेल्या माणसाच्या तोंडून आलं होतं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात गोड आठवण आणि अकरा माणसांचं मरण, दोन्ही एकाच डबड्यात होतं.

ती शिकत गेली आणि साहेबांचा उजवा हात झाली. लग्न केलं नाही. एक चांगला माणूस विचारायला आला होता, तिनं पहिल्याच भेटीत आईबापाचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता तुम्ही उठायला हरकत नाही." तो उठला. ती पत्र्याच्या खोलीत राहायची, उन्हाळ्यात भाजून निघायची, पण स्लॅबखाली झोपायची नाही. आणि एक गोष्ट तिनं काळ्या दगडावरच्या रेघेसारखी सांभाळली होती. काट्यानं जे दाखवलं तेच वहीत लिहायचं. बापासारखं रक्त असेल, आईसारखे हात असतील, पण वहीत खोटा आकडा नाही. तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

आणि मग तो मिस्त्री आला.

हातगाडीवर तीन ठोकळे, मागून ढकलायला आठेक वर्षांची मुलगी. पुढचा एक दात पडलेला.

"बाई, तीन पाहुणे आणलेत," मिस्त्री म्हणाला. "अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवा, पण जीव गुदमरू देऊ नका."

"कुठल्या कामाचे?"

"बालवाडीचे. मैदानातल्या. आणि ही आमची मुकादम. हिच्या हुकुमाशिवाय साइटवर घमेलं हलत नाही."

मुकादमनं ठोकळ्यावर हात ठेवला. "यात मी पाणी घातलंय," ती म्हणाली. "बाबांनी मला डबा दिला. मी ओतलं. बाबा शाबास म्हणाले."

छतवाल्याचीच्या हातातली पेन्सिल वहीवरच राहिली.

"किती डबे?" तिनं विचारलं.

"खूप!"

मिस्त्री हसला. "मोजून दिलेलं हो बाई. तिला वाटतं सगळं तिनंच बांधलं."

तिचा बापही असाच हसायचा, असं तिला वाटलं. खरं तर तिला बापाचं हसू आठवतही नव्हतं.

अठ्ठावीस दिवस ते तीन ठोकळे टाकीच्या तळाशी होते आणि अठ्ठावीस दिवस ती येता-जाता त्यांच्याकडे बघत होती. पाण्याखाली त्यांच्यावर मुलीनं खिळ्यानं कोरलेली तारीख दिसायची. तिला छत दिसायचं. छताखाली सतरंजी, सतरंजीवर चार-चार वर्षांची पोरं. आणि बाहेर कुठंतरी, दात पडलेली एक मुलगी, जिला उद्या सगळे बोट दाखवून काहीतरी म्हणणार आहेत.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिनं पहिला ठोकळा लावला. काळा काटा चढत गेला. चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. बावन्नवर कडकड आणि धप्प. दुसरा एक्कावन्न. तिसरा त्रेपन्न.

इतके चांगले ठोकळे तिनं वर्षात दोनदा पाहिले असतील नसतील. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. तिला मात्र वाटलं, इतके चांगले का? ठोकळ्यांसाठी वेगळा माल कालवला असेल, म्हणून. तिच्या बापाचेही पन्नासच्या वर गेले होते.

लाल काटा त्रेपन्नवर उभा होता. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिनं बोट लावलं आणि तो शून्यावर आणला. मग वहीत लिहिलं. तेहेतीस. चौतीस. बत्तीस.

आपण खोटं लिहितोय असं तिला वाटलंच नाही. आपण तीस वर्षं उशिरा का होईना, एक छत पडण्याआधी थांबवतोय, असं वाटलं.

साहेबांनी आकडे पाहून चष्मा काढला. "हा मिस्त्री तर बरा माणूस आहे. नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

"तू बघितलंस म्हणजे झालं." त्यांनी सही केली.

छत पाडायचं ठरवायला बालवाडीच्या समितीनं वेळ लावला नाही. ज्या शहरात एकदा छत पडलंय, तिथली माणसं दुसऱ्याची वाट बघत नाहीत. मिस्त्री समितीपुढं हात जोडून म्हणाला, छताला भोक पाडून आतला तुकडा तपासा. कुणी ऐकलं नाही. मग तो लॅबमध्ये आला. या वेळी पाहुण्यांचा विनोद नव्हता.

"बाई, काहीतरी चुकतंय. एकवीस वर्षं काम करतोय मी."

"ठोकळा खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

तो वळला आणि गेला. त्या रात्री ती गाढ झोपली. कितीतरी वर्षांनी.

पाडकाम सुरू झालं, तेव्हा ती दुपारच्या सुटीत मुद्दाम बघायला गेली. कच्चं छत कसं ढासळतं, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. वर चौघे घण घेऊन उभे होते, घामानं निथळत. त्यांतला एक कठड्यावर टेकून तळहातांवर फुंकर घालत होता.

"काय हो," तिनं खालून विचारलं, "अजून एवढंच झालं?"

"तुम्ही या वर!" तो ओरडला. "म्हणे कच्चं छत! तीन दिवस झाले, घण उडून आमच्याच अंगावर येतोय. ज्यानं हे कच्चं म्हटलं ना, त्याला इथं आणा आणि एक घाव घालायला लावा!"

बाकीचे हसले. तिच्या पायाशी एक तुकडा पडला होता. तिनं उचलला. कच्च्या काँक्रीटमध्ये खडी सुटून येते, तिच्या जागी खळगा राहतो. इथं खडी मधोमध चिरली होती. दगड फुटला होता, पण सिमेंटनं त्याला सोडलं नव्हतं. एवढं वाचायला तिला यंत्र लागत नव्हतं. छत ठोकळ्यांसारखंच होतं. ठोकळे खरे होते आणि छतही खरं होतं. खोटं एकच होतं, ते वहीत होतं, आणि अक्षर तिचं होतं.

ती तो तुकडा हातात धरून रस्त्यानं चालत सुटली. सकाळची शाळा सुटली होती. फाटकाशी पोरांचा घोळका होता आणि घोळका एका सुरात म्हणत होता, "पडक्याची! पडक्याची!" मधे मुकादम होती. ती रडत नव्हती, पळत नव्हती. दप्तर छातीशी धरून खाली मान घालून, हे आपलंच नाव आहे अशी उभी होती.

ते उभं राहणं छतवाल्याचीला माहीत होतं. तसं कसं उभं राहायचं, हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्या पोरीला ते शिकवलं होतं तिनंच.

ती तडक लॅबमध्ये गेली. साहेब जेवणाचा डबा झाकत होते.

"बालवाडीचे आकडे मी खोटे लिहिले," ती म्हणाली. "बावन्न, एक्कावन्न, त्रेपन्न होते."

साहेबांनी उठून दार लावलं. "पैसे घेतलेस?"

"नाही."

"मग का?"

तिनं सांगायला तोंड उघडलं. पण डबडं, शाबासकी, रेडिओ, यातलं काहीच त्या टेबलावर ठेवता येईना.

"असे किती लिहिलेस?" साहेबांनी विचारलं.

"हा एकच."

"कशावरून?"

बावीस वर्षांतली प्रत्येक वही त्या एका शब्दानं काळी झाली. ज्या छतांना तिनं पक्कं म्हटलं तीही, ज्यांना कच्चं म्हटलं तीही. साहेबांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला. तिनं सगळं लिहून सही केली. त्यांनी तिच्या कानामागची पेन्सिल स्वतःच्या हातानं काढून घेतली. ते चिडलेले नव्हते. म्हातारे दिसत होते.

"आता समितीला मी कुठल्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "आणि सांगितलं, तरी छत काय परत चढणार आहे?"

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीच्या घरी गेली. तो दारातल्या दगडावर बसून थापीवरचं वाळलेलं सिमेंट खरवडत होता. थापी स्वच्छ होती. तरी खरवडत होता. कामाला कुणी बोलावत नव्हतं. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. काट्याचंही, बापाचंही. आणि जन्मात पहिल्यांदा, पाण्याचं.

तो ऐकत होता. मधेच त्याचे हात थांबले. तिला वाटलं, आता हा थापी फेकून मारणार. मारली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या बापाचं छत पाण्यानं पडलं का?" तिनं न राहवून विचारलं. "माझ्या पाण्यानं? तुम्हाला कळतं यातलं. तुम्ही सांगा."

"मी ते छत बघितलं नाही," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "पाण्यानं पडलं असेल, सळया चोरल्या असतील, मला काय ठाऊक? जे बघितलं नाही, त्याबद्दल मी बोलत नाही, बाई. तुम्हीही तेवढंच करायचं होतं."

तिनं मान हलवली.

"मला नका सांगू," तो म्हणाला. "मला माहीत होतं माझं छत कसं होतं. तिला सांगा." आणि त्यानं आत हाक मारली. "मुकादम! बाहेर ये."

मुलगी दाराच्या आडच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बापाकडे न बघता म्हणाली, "खोटं आहे. तुम्हीच बोलावलंय यांना. मी रडते म्हणून."

"नाही गं," छतवाल्याची म्हणाली. "बाबांचं छत चांगलं होतं. मी खोटं लिहिलं."

"नव्हतं चांगलं!" मुलगी एकदम किंचाळली. "मी दोन डबे जास्त घातले होते! बाबांची पाठ होती तेव्हा! बाबा, मी पाडलं ते!"

मिस्त्रीच्या हातातली थापी खाली पडली.

"दोन डब्यांनी छत पडत नाही," छतवाल्याची ताडकन म्हणाली. बावीस वर्षं ठोकळे फोडणाऱ्या बाईचा आवाज होता तो, त्याच्यापुढं मोठमोठे कंत्राटदार गप्प बसत. "ऐकलंस? दोन डबे जास्त घालूनही ते बावन्न टनांना टिकलं. यंत्रानं सांगितलंय."

मुलीनं तिच्याकडे बघितलं. "तुम्ही यंत्राचं खोटं सांगता," ती म्हणाली.

छतवाल्याचीपाशी तिचा शब्द तेवढा होता, तोही संपला होता. तिनं काहीही सांगितलं, तरी ही पोर ते आता कधीही मानणार नव्हती. मग ती मिस्त्रीला म्हणाली, "तुमची मोठी हातोडी द्या."

ओढ्याकाठी, जिथं शहराचा राडारोडा टाकत, तिथं बालवाडीचं छत ढीग होऊन पडलं होतं. तिघं तिथं गेली. तिनं परातीएवढा एक तुकडा सपाट दगडावर ठेवला आणि हातोडी मुलीच्या हातात दिली.

"फोड," ती म्हणाली. "माझं ऐकू नकोस. बाबांचंही ऐकू नकोस. तू फोडून बघ."

मुलीनं हातोडी घातली. हातोडी उडाली. पुन्हा घातली. तिचा चेहरा लाल झाला, ओठ दाताखाली गेला. ती रागानं मारत होती, तुकड्यावर, बापावर, या बाईवर, सगळ्यांवर. बारीक कपच्या उडाल्या. तुकडा तसाच राहिला.

छतवाल्याची बाजूला उकिडवी बसून बघत होती. दवाखान्याचा ढिगारा तेव्हाच उचलून कुठल्याशा खड्ड्यात भरला गेला होता आणि त्या खड्ड्यावर आता दुकानं होती. तिच्या छताचा एवढासाही तुकडा कुठं शिल्लक नव्हता. नऊ वर्षांच्या त्या मुलीच्या हातात कुणी हातोडी दिली नव्हती, आणि आता द्यायची म्हटली तरी मारायची कशावर? तिनं किती डबे ओतले, ते तिला मोजता येणार नव्हतं. कधीच नाही.

मुलीचे हात थरथरायला लागले. ती थांबली आणि तुकड्यावर बोट फिरवून बघायला लागली. तडा शोधत होती. चेहऱ्यावर विश्वास असा अजून नव्हता.

"चल आता," मिस्त्री म्हणाला. "हात सुजतील."

"थांबा," मुकादम म्हणाली, आणि दोन्ही हातांनी हातोडी पुन्हा उचलली.